कॅन बंद करा, मशीनचा पाइप बघा

प्रश्न : नमस्कार. आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. घरात मी, हे, मुलगा, सून आणि आठ महिन्यांचा नातू. मध्यंतरी सोसायटीत पाण्याचं मशीन विकणारा एक माणूस आला. त्याने एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं, आणि दोन्हींत एक विजेवर चालणारं यंत्र बुडवलं. आमचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर घाण तरंगायला लागली. त्याचं होतं तसंच राहिलं. "बघा काकू, हेच ते मायक्रोप्लास्टिक," म्हणाला. त्या दिवसापासून सुनेने बाळाला नळाचं पाणी देणं बंद केलंय. रोज वीस लिटरचा कॅन येतो आणि बाळाच्या पावडरचं दूधसुद्धा त्याच पाण्यात. ह्यांचं म्हणणं, मोरबे धरणाचं पाणी आहे, उकळलं की झालं, पंचवीस हजार कशाला घालवायचे. मुलगा म्हणतो, रक्तात प्लास्टिक सापडलंय, हृदयापर्यंत जातं, आठवड्याला एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक आपल्या पोटात जातं. मशीन घ्यावं का? कॅन चालू ठेवावा का? आणि एवढं प्लास्टिक पाण्यात येतं तरी कुठून? हे म्हणतात, समोरच्या एमआयडीसीतून. घरात रोज त्यावरून वाजतं. – एक आजी, नेरूळ

उत्तर :

ताई, आधी त्या ग्लासांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालंय.

त्या यंत्राला खाली दोन-चार धातूच्या कांड्या असतात, त्यातली निदान एक लोखंडाची. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते आणि पाण्यात गंज तयार होतो. तुम्ही पाहिलेला तपकिरी रंग त्या कांडीचा. आरओच्या, म्हणजे अतिशय बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळणाऱ्या मशीनच्या, पाण्यातून क्षार जवळजवळ काढून टाकलेले असतात, त्यामुळे वीज वाहतच नाही, कांडी झिजत नाही आणि पाणी निवळशंख राहतं. पुढच्या वेळी तो आला, तर त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, "आता चालव." तुमच्या नळाच्या पाण्यापेक्षा जास्त घाण होईल. मग त्याचा चेहरा बघा. हा खेळ महाराष्ट्रभर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं चाललाय. पूर्वी त्या तपकिरी घाणीला 'केमिकल' म्हणायचे, आता 'मायक्रोप्लास्टिक' म्हणतात, एवढाच फरक.

प्लास्टिकमधून वीज वाहत नाही आणि विजेने त्याला रंगही येत नाही. पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक बघायचं तर पाणी बारीक जाळीच्या कागदातून गाळावं लागतं, कागदावर उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं, आणि ते कण खरंच प्लास्टिकचे की धुळीचे, हे ठरवायला इन्फ्रारेड किंवा लेसरचं यंत्र लागतं. पार्किंगमध्ये दोन मिनिटांत ते होत नाही.

आता दुसरी बाजू. विकणारा लबाड होता म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. तुमच्या नळाच्या पाण्यात प्लास्टिकचे कण नाहीत, असं मी म्हणणार नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. साबुदाण्याच्या दाण्यापासून खाली, डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या कणापर्यंत सगळं त्यात आलं. मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही खाली गेलं, की त्याला नॅनोप्लास्टिक म्हणतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या वेगवेगळ्या देशांतले नळाच्या पाण्याचे १५९ नमुने तपासले होते. त्यातल्या ८१ टक्के नमुन्यांत कण सापडले, सरासरी लिटरला साडेपाच. बहुतेक तंतू होते. तंतूंकडे आपण पुन्हा येणार आहोत, लक्षात ठेवा.

त्याच वर्षी, त्याच संशोधकांच्या गटाने बाटलीबंद पाणी तपासलं. नऊ देशांतून घेतलेल्या २५९ बाटल्या, त्यात भारतातल्याही होत्या. ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिक. त्यातले जरा मोठे, १०० मायक्रॉनच्या वरचे कण लिटरला सरासरी दहाच्या पुढे, म्हणजे नळाच्या पाण्यात सापडले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याहून बारीक कण धरले तर सरासरी ३२५. मग २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी लेसरची नवी पद्धत वापरून बाटलीच्या पाण्यातले नॅनो कणही मोजले. लिटरला सरासरी २ लाख ४० हजार निघाले, आणि त्यातले नव्वद टक्के नॅनो. आकडा एकदम फुगला, कारण आधीच्या चाळणीतून हे कण दिसतच नव्हते. तेव्हा दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवताना कुणी किती बारीक मोजलं, ते आधी विचारावं. व्हॉट्सॲपवर ते कुणी विचारत नाही.

तर नळावर विश्वास नाही म्हणून सूनबाईंनी बाळाला दिलं काय? प्लास्टिकच्या पिंपात भरलेलं, प्लास्टिकचं बूच लावलेलं पाणी. ते पिंप परत परत भरलं जातं, आतून खरवडून धुतलं जातं, टेम्पोत एकावर एक रचून उन्हातून येतं, आणि जिन्यावरून वर येताना दोन ठिकाणी आपटतं. ऊन, घासणं आणि आपटणं, या तिन्हींनी प्लास्टिक झिजतं. बूच फिरवून उघडतानासुद्धा आट्यांवरून कण सुटतात, हेही तपासून झालंय. शिवाय तुमच्याकडे येतो तो सील केलेला, आयएसआयचा शिक्का आणि परवाना क्रमांक असलेला जार आहे, की कुठल्या गाळ्यात भरून येणारा थंड पाण्याचा नुसता कॅन, हे आधी बघा. दुसऱ्या प्रकारात प्लास्टिक ही शेवटची काळजी, जंतू पहिली. पॅकबंद पाण्याला अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच २०२४ च्या शेवटी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांच्या यादीत टाकलं, ते उगाच नाही.

म्हणून कॅन बंद करा. यात मला 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' काही करायचं नाही.

ह्यांचं मोरबेचं प्रेम मी समजू शकतो. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका आपल्याकडे मोजक्या, आणि नवी मुंबईकर ते पाहुण्यांना सांगितल्याशिवाय राहत नाही. खालापूरकडच्या डोंगरातलं पावसाचं पाणी, वर फार मोठं शहर नाही, त्यामुळे कच्चं पाणीच मुळात बरं. ते भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. तिथे तुरटीच्या जातीचं रसायन टाकून गाळ जड करून खाली बसवतात, मग वाळूच्या थरांतून गाळतात, मग क्लोरीन. ही सगळी व्यवस्था गढूळपणा आणि जंतूंसाठी उभारलेली आहे, प्लास्टिकचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. पण प्लास्टिकचा बारीक कण गाळात सापडला की गाळाबरोबर तोही खाली बसतो. चेक प्रजासत्ताकातल्या तीन केंद्रांवर २०१८ साली मोजलं, तेव्हा अशा केंद्रांमध्ये कच्च्या पाण्यातले साधारण सत्तर ते ऐंशी टक्के कण कमी झालेले दिसले. बाकी उरतातच. भोकरपाड्याहून निघाल्यावर मोठी जलवाहिनी, सोसायटीची खालची टाकी, वरची टाकी, पीव्हीसीचे पाइप, आणि बऱ्याच घरांत माळ्यावर ठेवलेली काळी प्लास्टिकची टाकी. ती टाकी गच्चीत उघड्या उन्हात असेल आणि आतून हात फिरवल्यावर पांढरट भुकटी बोटाला लागत असेल, तर ती बदला. धरणाला नावं ठेवण्याआधी ती भुकटी बघा.

आता उकळण्याचं. यात ह्यांना पैकीच्या पैकी गुण देता येत नाहीत. २०२४ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथल्या संशोधकांनी दाखवलं, की जड पाणी उकळलं की त्यातला चुना बाहेर पडतो, तो प्लास्टिकच्या कणांना कवटाळून पातेल्याच्या बुडाशी बसतो, आणि ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत कण कमी होतात. पण मऊ पाण्यात हा आकडा पंचवीस टक्क्यांच्या आसपास आला. धरणातलं पावसाचं पाणी बोअरवेलच्या मानाने पुष्कळच मऊ. तुमच्या पातेल्याला जाडसर पांढरा थर धरत नसेल, तर उकळून प्लास्टिक फारसं जाणार नाही. तरीही बाळासाठी पाणी उकळा, स्टीलच्या पातेल्यात, झाकण ठेवून. उकळायचं ते जंतूंसाठी. गार झाल्यावर वरचं पाणी संथपणे दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळाचं बोटभर टाकून द्या.

जंतूंचं मी दुसऱ्यांदा बोलतोय, कारण या घोळात नेमकं तेच मागे पडलंय. आठ महिन्यांच्या पोराला पाण्यातून जुलाब, टायफॉइड, कावीळ होऊ शकते, हे आपल्याला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकवर अहवाल काढला, त्यातही हेच म्हटलंय, की आज पाणीपुरवठा करणाऱ्यांनी आधी जंतू आणि घातक रसायनं बघावीत. तुमच्या सोसायटीची जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली? तिच्या शेजारून ड्रेनेजची लाइन जाते का? सिडकोच्या जुन्या इमारतींत हे अंतर बऱ्याचदा हातभरही नसतं, आणि पावसाळ्यात भेगेतून काय काय आत येतं, ते टाकी रिकामी करणाऱ्यालाच विचारा. सेक्रेटरींना सांगून ओटी टेस्ट करून घ्या. नळाच्या पाण्यात दोन-चार थेंब टाकले की पिवळा रंग येतो, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर काळजी करा, आणि ती मायक्रोप्लास्टिकची नव्हे.

आता चिरंजीवांचे तीन मुद्दे. रक्तात सापडलं, हे खरं. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ जणांचं रक्त तपासलं, १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक आढळलं. हृदयाचंही हवेतलं नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी मानेतल्या रक्तवाहिन्यांमधून शस्त्रक्रियेने काढलेली चरबीची पुटं तपासली आणि २५७ रुग्णांवर सुमारे तीन वर्षं लक्ष ठेवलं. १५० जणांच्या पुटात पॉलिथिन होतं, आणि त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण बाकीच्यांच्या साडेचार पट निघालं. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा पार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं. ते मीही गंभीरपणे घेतो. मात्र ही माणसं आधीच आजारी होती, आणि प्लास्टिकमुळेच झटका आला, असं त्या डॉक्टरांनीसुद्धा म्हटलेलं नाही. त्यांच्या अंगात ते पाण्यातून गेलं, अन्नातून गेलं की श्वासातून, तेही त्या अभ्यासातून कळत नाही.

एटीएम कार्डाचं मात्र सोडून द्या. आठवड्याला पाच ग्रॅम, हा आकडा २०१९ च्या एका अहवालाने जगभर पसरवला. नंतर नेदरलँड्समधल्याच शास्त्रज्ञांनी दुसऱ्या पद्धतीने हिशेब केला, तो लाखो पटींनी कमी आला. तो दुसरा हिशेब कुणी स्टेटसला ठेवत नाही, कारण त्यावर कार्डाचं चित्र काढता येत नाही.

मग मशीन? आरओच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात, की मायक्रोप्लास्टिक त्यातून जाणं अवघड, हे कबूल. पण कोलंबियाच्या त्या अभ्यासात बाटल्यांमध्ये जे प्लास्टिक सापडलं, त्यात पॉलिअमाइड बरंच होतं. नायलॉनच्या जातीचं. आरओचा पडदा त्याचाच असतो, आणि बाटली भरण्याआधी पाणी ज्या गाळण्यांतून जातं त्यातूनच ते आलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. त्यात घरगुती मशीनची साठवणटाकी प्लास्टिकची, नळी प्लास्टिकची. वर एक लिटर पाणी मिळवायला दोन-तीन लिटर मोरीत जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं, की टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओ वापरू देऊ नये. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, मोजून बघा. धरणाचं पाणी पाचशेच्या आसपासही फिरकत नाही. ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं खारं पाणी येतं, त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांना आरओ लागतो. तुम्हाला नाही.

घरातली शांतता म्हणून काही तरी लावायचंच असेल, तर यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आणि यूएफ (बारीक जाळीची गाळणी) असलेलं, आरओ नसलेलं, स्टीलच्या टाकीचं घ्या. यूएफची जाळीही मायक्रॉनच्या खालपर्यंत अडवते आणि पाणी फुकट घालवत नाही. गाळणीचं काडतूस वेळेवर बदला. आणि 'मायक्रोप्लास्टिकमुक्त' असं प्रमाणपत्र कुणी दाखवलं तर विचारा, कुठल्या प्रयोगशाळेचं, किती मायक्रॉनपर्यंत मोजलं? आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००, पण त्यात मायक्रोप्लास्टिकची मर्यादाच घालून दिलेली नाही. मग प्रमाणपत्र कशाच्या आधारावर?

पंचवीस हजार वाचले. त्यातले हजारभर रुपये बाळाच्या बाटलीवर घाला.

ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचली ती पावडरच्या दुधाची ओळ. पाणी कुठलं यावर घर पेटलंय, पण ते पाणी कशात ओतलं जातं, ते कुणी पाहिलेलं नाही. बाळाची बाटली पॉलिप्रॉपिलीनची असणार, तळाला त्रिकोणात ५ आकडा बघा. २०२० मध्ये आयर्लंडमधल्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी अशा बाटल्यांत ७० अंश सेल्सिअसचं गरम पाणी घालून, नेहमीसारखं हलवून, कण मोजले. लिटरला १ कोटी ६० लाखांपर्यंत गेले. नळातल्या लिटरमागे साडेपाच कणांशी ताडून बघू नका, मोजणी वेगळी. पण त्याच अभ्यासात एक गोष्ट लख्ख दिसली, की पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. गरम पाणी, प्लास्टिक आणि खळखळून हलवणं, हे तिन्ही एकत्र आलं की संपलं.

तेव्हा दूध करायचं ते असं. पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, पाणी चांगलं गरम असतानाच पावडर कालवा, कारण पावडरमध्येही कधी जंतू असतात आणि कोमट पाण्याने ते मरत नाहीत. भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून दूध बाळाला प्यायजोगं गार करा, आणि मग बाटलीत भरा. बाटली काचेची किंवा स्टीलची घेतलीत तर उत्तम. फुटेल अशी भीती वाटत असेल तर स्टीलची. प्लास्टिकचीच वापरायची तर ती उकळून निर्जंतुक केल्यावर, वेगळ्या उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या. आणि मायक्रोवेव्हमध्ये बाटली ठेवायची नाही. कधीच नाही. आठ महिने झालेत, तर आता वाटी-चमच्याने पाजायलाही हरकत नाही, आपल्या आया तेच करत होत्या.

मोठ्यांनाही हेच लागू. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी कागदी कपात शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तर त्यात मायक्रॉनच्या मापाचे सुमारे २५ हजार कण उतरले. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, हे किती जणांना माहीत असतं? पामबीच रस्त्यावर सकाळी चालायला जाणारे निरोगी लोक मुलाखत दिल्यासारखे मायक्रोप्लास्टिकवर बोलतात आणि हातात कागदी कपातला चहा असतो. ह्यांना काचेच्या ग्लासातली कटिंग घ्यायला सांगा. घरी गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात भरणं, प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेलं वाफाळतं सांबार, उन्हात गाडीत राहिलेली पाण्याची बाटली, यांच्याकडेही जरा लक्ष असू द्या.

आता राहिला ह्यांचा आरोप, एमआयडीसीचा. तिथल्या कारखान्यांनी खाडीचं काय केलंय ते ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको, आणि मी त्यांचं वकीलपत्र घेतलेलं नाही. पण तुमच्या नळात येणारं पाणी एमआयडीसीतून येत नाही, ते डोंगरातून येतं. आणि खाडीत जाणारे जे तंतू आहेत, त्यांचा मोठा कारखाना तुमच्या बाल्कनीत आहे. कपडे धुण्याचं मशीन.

तुमच्या घरातल्या साड्या, सुनेच्या लेगिंग्ज, मुलाचे जिमचे टीशर्ट, बाळाचं मऊमऊ फ्लीसचं पांघरूण, सगळं पॉलिस्टर. सहा किलो पॉलिस्टरच्या एका धुण्यात जवळपास ५ लाख तंतू सुटतात आणि ॲक्रिलिकच्या धुण्यात ७ लाखांच्या वर, असं इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये मोजलं. समुद्रात थेट कणांच्या रूपात जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये कपड्यांच्या धुण्याचा वाटा ३५ टक्के आणि गाड्यांच्या टायरच्या झिजेचा २८ टक्के, असा २०१७ चा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेचा अंदाज आहे. त्या मघाच्या नळातल्या तंतूंची ही भावंडं.

मशीनचं पाणी ड्रेनेजमध्ये गेलं तर ते मलप्रक्रिया केंद्रात पोचतं, आणि नवी मुंबईची ती बाजू तशी बरी आहे. कोपरखैरणे आणि ऐरोलीत तर प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणखी गाळून एमआयडीसीतल्या कारखान्यांना द्यायची केंद्रं झाली. म्हणजे ह्यांना सांगा, एमआयडीसीतून पाणी आपल्याकडे येत नाही, आपलं तिकडे जातं! चांगल्या केंद्रात बहुतेक तंतू अडतात. ग्लासगोजवळच्या एका केंद्रात २०१६ साली ९८ टक्क्यांवर कण अडलेले दिसले, तरी उरलेले दोन टक्केच दिवसाला साडेसहा कोटी कण भरले, कारण पाणीच तेवढं. आणि अडलेले जातात कुठे? गाळात. तो गाळ वाळवून खत म्हणून शेतात किंवा बागेत टाकला की तिथे. त्याला अजून कुणाकडेच धड उत्तर नाही, आणि तो तुमच्या-माझ्या हातातला प्रश्नही नाही.

हातात आहे ते मशीनच्या आत. तुमचं वरून उघडणारं मशीन असेल, तर आत कडेला एक छोटी जाळीची पिशवी असते. तिच्यात प्रत्येक धुण्यानंतर राखाडी, लिबलिबीत, शेवाळासारखा गोळा जमतो. तो गोळा म्हणजे तुमच्या कपड्यांचे तंतू. बहुतेक घरांत काय करतात? जाळी उलटी करून बेसिनच्या नळाखाली धरतात आणि खसाखसा धुतात. मशीनने पकडलेलं आपण आपल्या हाताने गटारात सोडतो. त्यापेक्षा जाळी तशीच वाळू द्या. वाळल्यावर तो गोळा नमद्यासारखा अख्खा सुटतो, तो सुक्या कचऱ्यात टाका. जाळी फाटली असेल तर नवी शंभर-दीडशेला मिळते. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये अशी जाळी नसते, खालच्या गाळणीत नाणी आणि बटणं तेवढी अडतात. तिथे मशीन पुरतं भरून लावा, थंड पाण्यात लावा, आणि 'नाजूक कपडे' हे बटण पॉलिस्टरला वापरू नका. नाव नाजूक असलं तरी त्यात पाणी जास्त लागतं, आणि जास्त पाण्यात तंतू जास्त सुटतात, असं न्यूकॅसल विद्यापीठाने २०१९ मध्ये दाखवलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं मशीन कुठे आहे? सिडकोच्या घरांत न्हाणीघर इतकं लहान, की बहुतेक लोक मशीन मागच्या बाल्कनीत ठेवतात आणि त्याची नळी बाल्कनीच्या जाळीवर सोडतात. ही जाळी मुळात पावसाचं पाणी जाण्यासाठी काढलेली. तिचा पाइप बऱ्याच इमारतींत ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला नसतो, तो पावसाळी गटाराला जातो. पावसाळी गटार कुठल्याही केंद्रात जात नाही. नाल्यातून धारण तलावात आणि भरती-ओहोटीच्या दारांतून सरळ ठाणे खाडीत. ज्या खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आणि जिथल्या फ्लेमिंगोंचे फोटो तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर हिवाळ्यात फिरतात, तिच्या चिखलात तुमच्या साबणासकट तुमचे तंतू. महापालिकेने कोट्यवधी खर्चून उभारलेलं केंद्र बाजूला राहतं, पाइपच्या एका दहा रुपयांच्या एल्बोमुळे.

तपासायला इंजिनियर लागत नाही. रविवारी सकाळी बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ गडद कालवा, मुलाला खाली पाठवून दोन्ही चेंबरची झाकणं उघडायला सांगा, ड्रेनेजचंही आणि पावसाळी गटाराचंही, आणि वरून बाल्कनीच्या जाळीत बादली ओता. निळं पाणी पावसाळी गटारात उतरलं, तर प्लंबरला बोलावून मशीनची नळी न्हाणीघराच्या किंवा मोरीच्या ट्रॅपला जोडून घ्या. लांब नळी आणि दोन क्लिपांचं काम आहे. अख्ख्या विंगचा पाइप तसाच निघाला, तर तो विषय वार्षिक सभेत मांडा. ज्या पार्किंगमध्ये त्याने ग्लास मांडले होते, तिथेच ह्यांना बादली घेऊन उभं करा, लोक जमतात. हे सगळं मे महिन्याच्या आत उरका. एकदा पाऊस लागला, की दोन्ही चेंबर काठोकाठ असतात आणि नीळ कुठे गेली ते कळत नाही.